मोटरचं कपाळ

आईच्या लग्नात आलेली पितळी परात बाबांनी एका रविवारी मागच्या पडवीत नेली आणि तिच्यात रॉकेल ओतलं. ती परात पुन्हा स्वयंपाकघरात आली नाही. आई काही बोलली नाही. ती शाळेत शिकवायची आणि वर्गभर पोरांना दिवसभर गप्प बसवून आल्यावर घरी तिला स्वतः बोलायची फारशी हौस उरत नसे. परातीत एका जुन्या मोटरचे अवयव बुडवून ठेवले होते. ही मोटर पाणी उपसायची नव्हे, होडीच्या मागच्या फळीला अडकवायची. वर इंजिन, इंजिनाच्या डोक्यावर पेट्रोलची छोटी टाकी आणि खाली लांब नळीच्या टोकाला पंखा. भंगाराच्या लिलावात बाबांनी ती घेतली, तेव्हा आमच्याकडे होडी नव्हती आणि आमच्यापैकी कुणी होडीत बसल्याचंही मला आठवत नव्हतं. पण बाबा ओझरच्या विमानांच्या कारखान्यात इंजिनं तपासण्याचं काम करायचे. त्यांच्या सहीशिवाय तिथलं इंजिन पुढे सरकत नसे, आणि घरी दूधही त्यांना विचारूनच उतू जात असावं असा माझा समज होता. बंद पडलेलं इंजिन दिसलं की त्यांना चैन पडत नसे. दुसऱ्यांच्या घरी जेवायला गेल्यावर ते पंख्याच्या आवाजाकडे कान देऊन जेवायचे.

आम्ही गंगापूर रोडला राहायचो. आज हा पत्ता सांगितला की समोरचा माणूस मनातल्या मनात फ्लॅटची किंमत काढतो. मीही आता त्याच रस्त्यावर सहाव्या मजल्यावर राहते आणि लिफ्ट बंद पडली की जुन्या दिवसांबद्दल आदराने बोलते. तेव्हा मात्र आमच्या घरामागे द्राक्षाचा मळा होता आणि वारा फिरला की फवारलेल्या मोरचुदाचा वास सरळ वरणात यायचा. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे पडवी. घरात आम्ही चौघं होतो. आई, बाबा, मी आणि आत्या. आत्या बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती आमच्याकडे आली. अख्ख्या ओझरला अण्णा असलेल्या माणसाला ती बाळू म्हणायची. मी तेव्हा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होते, मिळेल ते पुस्तक वाचत होते, आणि जगात आपल्याला न समजण्यासारखं काही उरलेलं नाही अशा वयात होते.

एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण घरात ती कधी कुणी सांगत नसे. बाबांचं आणि आत्याचं गाव गंगापूर धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. बाबा तेव्हा शाळकरी होते. गावाचं नाव दोघांपैकी कुणाच्याही तोंडून मी ऐकलेलं नाही. 'तिकडे' म्हणायचे. तिकडे आंबे गोड होते, तिकडे आई हुलग्याची शेंगोळी करायची. बाहेरच्या कुणी गाव विचारलं तर बाबा 'नाशिकच' म्हणून विषय संपवायचे. ते होडीची मोटर का बांधतायत हा प्रश्न म्हणूनच कुणी विचारला नसावा. उत्तर आम्हाला साधारण माहीत होतं, फक्त उच्चारायचं नव्हतं.

पावसाळाभर ती मोटर पडवीत खोलून पडलेली होती. जेवताना आम्हाला कानशीचा आवाज यायचा, आणि कानस थांबली की बाबा काहीतरी मोजतायत हे समजायचं. त्यांनी पिस्टन बदलला, रिंगा बसवल्या, सगळी सीलं नवी घातली, कार्बोरेटर तर इतका स्वच्छ केला की आत्याने तो चुकून ताम्हनाशेजारी मांडून ठेवला. शेवटी मोटर पाण्याने भरलेल्या पिंपाला अडकवून त्यांनी चालवली. टाकी तेव्हा बसवलेली नव्हती. दुचाकीचे मिस्त्री करतात तशी पेट्रोलची बाटली खिळ्याला उलटी टांगून त्यांनी थेट नळी जोडली. दोरी ओढली. मोटर सुरू झाली आणि पिंपातलं पाणी आईच्या वाळत घातलेल्या साड्यांवर उडालं. बाबा हसले. मी त्यांना मोठ्याने हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. नंतर जे झालं ते सगळं आठवताना मला आधी ते हसू आठवतं.

खंडेनवमीला टाकी चढवून मोटरची पूजा झाली. हा आत्याचा प्रांत होता. माणसांना कुंकू लावायचा हक्क जगाने तिच्याकडून काढून घेतला होता. हळदीकुंकवाच्या दिवशी ती स्वयंपाकघरात बसून राहायची. "यंत्राला कुठं कळतंय गं, लावणारी सवाष्ण आहे का कोण," असं म्हणून तिने घरातली सगळी यंत्रं आपल्याकडे घेतली होती. शिवणाचं मशीन, बाबांची स्कूटर, पिठाच्या गिरणीवाल्याची गिरणीसुद्धा. तिचा जुना लाकडी करंडा होता, त्यात एका बाजूला कुंकू आणि एका बाजूला मेण. पूर्वी बायका आधी कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू टेकवायच्या, म्हणजे ते दिवसभर हलत नसे. बायका टिकलीवर आल्या, पण आत्याची यंत्रं मेणावरच राहिली. तिने मोटर न्याहाळली आणि टाकीच्या झाकणाच्या मधोमध बोटाने मेण चोपडून रुपयाएवढं ठसठशीत कुंकू लावलं.

"तिथे कशाला, आत्या?" मी म्हटलं.

"मग कुठं? ते तिचं कपाळ आहे. वर, मधोमध. आणि पाण्यावर जायचंय तिला, नुसतं कुंकू टिकेल होय?"

बाबांनी नारळ फोडला. ते देव मानत नसत, पण नारळ मानायचे.

धरणाच्या काठाला सावळीराम नावाचा मासे धरणारा माणूस राहायचा. त्याची पत्र्याची होडी बाबांनी ठरवली होती. त्याच्या झोपडीखालचा खडकाळ काठ हाच आमचा धक्का. पहिल्या फेरीला बाबा, मी आणि सावळीराम असे तिघं होतो. निघताना बाबांनी कारखान्याच्या शिस्तीने टाकी काठोकाठ भरली, झाकण घट्ट फिरवलं, दोरी ओढली. पाणी इतकं स्थिर होतं की होडी निघाल्यावर आपण काहीतरी फाडत चाललोय असं वाटलं. मोटर उत्तम चालत होती. काठ लांब गेला, पलीकडचा डोंगर जवळ येईना, आणि मध्येच मोटरचा आवाज बदलला. आधी तो जड झाला, चढावर बैलाचा होतो तसा. मग तिला धाप लागली. बाबांनी मूठ पिळली तसा जोर वाढायच्या ऐवजी कमीच झाला, आणि दोन आचके देऊन ती बंद पडली.

यंत्र थांबल्यावर जी शांतता होते ती आधीच्या शांततेपेक्षा वेगळी असते. ती आपल्याकडे बघत असते. बाबांनी पेट्रोल किती उरलंय ते पाहायला टाकीचं झाकण फिरवलं, आणि एक लांब सुस्कारा ऐकू आला. तिघांनीही ऐकला. तो मोटरमधून आला की पाण्यातून, सांगता येत नव्हतं. थकलेलं माणूस उंबऱ्यावर बसताना सोडतं ना, तसा.

टाकी बरीचशी भरलेली होती. बाबांनी झाकण लावून दोरी ओढली, मोटर पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि आम्ही विनातक्रार परत आलो. काठाजवळ येताना ती जरा कुंथली, पण तिथे बाबांनी ती बंदच केली.

"अण्णा," सावळीराम होडी ओढत म्हणाला, "तुमचं गाव हाय तिथं खाली. माझा बाप सांगायचा. मी त्या अंगाला जाळं नाय टाकत."

"कचरा असेल पेट्रोलमध्ये," बाबा म्हणाले.

"आसंल. पर कचरा घरी जाताना बरा आडवा येत नाय."

त्यानंतर बाबांनी मोटर पुन्हा खोलली. प्लग बदलला, नळी बदलली, पेट्रोल फडक्यातून गाळून घेतलं. दर वेळी पिंपात, बाटलीवर, मोटर हवा तितका वेळ चालायची. दर वेळी टाकी चढवून पाण्यावर नेली की त्याच जागी मान टाकायची. डावीकडे डोंगराची खाच आणि उजवीकडे एकटं शेवरीचं झाड, या दोहोंच्या रेघा जिथे मिळतात तिथे. जाताना मरायची, येताना जगायची. आणि दर वेळी झाकण उघडलं की सुस्कारा. दर वेळी निघण्याआधी आत्या मेणाचा नवा थर देऊन कुंकू लावायची, आणि प्रकरण जसजसं बिघडत गेलं तसतसं ते कुंकू मोठं होत गेलं. सावळीरामने एकदा मरळ मासा पाठवला, तेव्हा तिने त्याला हात लावला नाही. "कुणाच्या माजघरातून आलाय कुणास ठाऊक," ती म्हणाली, आणि आम्ही सगळ्यांनीच त्या दिवशी पिठलं खाल्लं. मी धरून. पदार्थविज्ञानात पिठल्याला मनाई नाही.

अशात जलपूजनाचं निघालं. धरण श्रावणातच भरलं होतं, पण पुढाऱ्यांना सवड दसऱ्यानंतर झाली. धरण भरलं की त्याची ओटी भरायची, साडीचोळी आणि नारळ पाण्यात सोडायचा, ही रीत. आता ड्रोन वगैरे असतात. तेव्हा फक्त लाउडस्पीकर होता, पण तो पुरेसा होता. ठरलेली मोठी होडी कुठेतरी अडकली आणि कुणीतरी बाबांचं नाव सुचवलं. बाबांनी नाही म्हणायला हवं होतं. पण भरल्या गर्दीसमोर मोटर चालून दाखवेल, अशी आशा त्यांना असावी. आत्याने त्या दिवशी कुंकवाला कसलीच काटकसर केली नाही.

पुढारी हारांसकट होडीत बसले, त्यांच्यामागे ताट धरलेला कार्यकर्ता, त्याच्यामागे फोटोग्राफर. पाण्यात मध्यभागीच ओटी सोडायची असा त्यांचा आग्रह होता, म्हणजे फोटोत काठ येणार नाही. आई आणि मी काठावर उभ्या होतो. लाउडस्पीकरवर त्यांच्या कार्याचा वेग, गती आणि घोडदौड यांचं वर्णन चालू असतानाच मोटर त्या जागी थांबली. पुढाऱ्यांनी प्रसंग ओळखून ओटी तिथेच सोडली. नारळ गेला. साडी जाईना. हिरवी, काठापदराची साडी होती. ती पाण्यावर उलगडली, तिच्यात हवा भरली, आणि ती होडीशेजारी उताणी पडून संथपणे राहिली. कार्यकर्त्याने वल्ह्याने दाबली, तर ती दुसऱ्या बाजूने वर आली. काठावरची गर्दी हळूहळू गप्प झाली. फक्त लाउडस्पीकर बोलत राहिला. मग एकाएकी ती साडी एका टोकाकडून आत जायला लागली, कुणी खालून घडी घालत ओढून घ्यावी तशी, आणि दिसेनाशी झाली.

फोटोग्राफरने नंतर सांगितलं की पुढाऱ्यांनी मोटरला काय झालं असं विचारलं. बाबा म्हणाले, "खाली गाव आहे." त्यावर पुढारी क्षणभरही न अडखळता म्हणाले, "मग गावकऱ्यांना माझा नमस्कार सांगा." माणूस मोठा होता यात शंका नाही.

आम्हाला वाटलं, बाबा शरमेने खचतील. ते उलट फार शांत होऊन घरी आले. आत्याने पाणी दिलं. ते म्हणाले, "घेतली तिने."

"हिरवी होती ना?" आत्या म्हणाली. "आईला हिरवीच लागायची."

मी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या दिवसापासून बाबांनी मोटर खोलणं बंद केलं. पडवीतली कानस थांबली. कारखान्याच्या बसने संध्याकाळी यायचे, चहा घ्यायचे, मोटर पोत्यात गुंडाळून स्कूटरवर पायाजवळ ठेवायचे आणि धरणावर जायचे. एकटे. सावळीरामलाही बरोबर घेत नसत. अंधार पडायच्या सुमारास परत यायचे आणि मुकाट्याने जेवायचे. मला आधी त्यांच्या शर्टावरून समजलं. धुवायला टाकलेल्या शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती. काही दिवसांनी ती खांद्यापर्यंत ओली यायला लागली. मग एक दिवस शर्ट छातीपर्यंत भिजलेला होता, आणि कोरड्या-ओल्याच्या मधली रेघ इतकी सरळ होती की पट्टी लावून काढली असावी. तो वाळत घालताना माझे हात थांबले. पाणी माणसाच्या अंगावर असं वर चढताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"काय करता तिथे?" मी एकदा विचारलं.

"काही नाही. पायरी लागते हाताला," ते म्हणाले, आणि भाकरी मोडली.

त्या जागी धरण भरलेलं असताना दोन ताडांएवढं पाणी होतं. हे मला जितकं माहीत होतं तितकंच त्यांनाही होतं.

आत्याला मी तेव्हा पहिल्यांदा सरळ विचारलं की तिकडे नेमकं काय राहिलंय. ती तांदूळ निवडत होती. थांबली नाही. "काय राहायचंय? सगळं आणलं. पाट आणले, जातं आणलं. निघताना आईने अंगणात सडा घातला, रांगोळी काढली. शेजारणी म्हणाल्या, अगं पाण्यात जाणार ते. ती म्हणाली, मग काय पारोसं सोडू? दार ओढून घेतलं, पण कडी घातली नाही. म्हणाली, पाणी येणारच आहे, त्याला दारात कशाला तिष्ठत ठेवायचं. बाळू मात्र रडायला लागला. कडी लाव, कडी लाव म्हणून. बैलगाडीतून सारखा मागं बघायचा. आई त्याच वर्षी गेली." तिने खडा फेकला. "शेवटपर्यंत तो तिला विचारायचा, कडी का नाही लावलीस."

त्यानंतर एके दिवशी आईने मला खोलीत बोलावलं आणि बाबांच्या कारखान्याच्या पिशवीतून काढलेली पुडी उघडून दाखवली. आत नवी कोरी पितळी कडी होती, चार स्क्रू आणि स्क्रू-ड्रायव्हर.

"आपल्या घरातल्या सगळ्या दारांना कड्या आहेत," आई म्हणाली. एवढंच. पण तिचा आवाज वर्गात मुलांना गप्प करणारा नव्हता. तो स्वतःला गप्प करणारा होता. तिने पुडी होती तशी बांधून पिशवीत ठेवली. ती काढून घेतली असती तर काय झालं असतं, यावर आम्ही दोघी नंतर अनेक वर्षं वेगवेगळं बोललो.

दुसऱ्या दिवशी बाबा बसने आले. चहा नको म्हणाले. डबा मोरीत ठेवून हातपाय धुवायला गेले. डबा जड लागला, म्हणजे जेवलेलेच नव्हते. आई सकाळी कढत वरण डब्यात ओतून झाकण दाबून बसवायची. ते निवलं की झाकण असं चिकटून बसायचं की निघता निघत नसे. मी चमच्याचा दांडा झाकणाच्या कडेत घातला आणि उचकटलं. डब्याने सुस्कारा सोडला.

चमचा हातात धरून मी तशीच उभी राहिले. तोच आवाज होता. लहान होता, पण तोच. थकलेलं माणूस उंबऱ्यावर बसताना सोडतं तसा. आतली वाफ निवते, आत पोकळी होते, बाहेरची हवा झाकण दाबून धरते. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. टाकीतलं पेट्रोल खाली उतरतं, त्याची जागा घ्यायला वरून हवा आत यावी लागते. ती आली नाही तर टाकीही आतून ओढून धरते. पेट्रोल उतरेनासं होतं, मोटरला धाप लागते. काठोकाठ भरलेली टाकी दर वेळी तेवढंच पेट्रोल देऊन हात आखडता घेणार, म्हणजे दर वेळी तेवढ्याच अंतरावर. झाकण उघडलं की हवा आत शिरते, सुस्कारा येतो, आणि तेवढंच अंतर परत यायला मोकळीक. हवा आत यायला त्या झाकणावर भोक असलंच पाहिजे. मी मागच्या दाराकडे धावले. मोटर पोत्यावर काढून ठेवलेली होती. झाकणाच्या बरोब्बर मधोमध आत्याचं ताजं कुंकू होतं.

मी केसातली पिन काढून खरवडायला लागले. लाल, काळपट, मग पिवळं. मेणाचे थरावर थर निघाले आणि तळाशी टाचणीच्या डोक्याएवढं भोक उघडं पडलं.

"काय करतेस गं?" आत्या दारात उभी होती. "कपाळ पुसतेस तिचं?"

मी दोन वाक्यांत सांगितलं. दुसरं वाक्य अर्ध्यावरच तिला समजलं. ती खाली बसली. पिनेच्या टोकाला लागलेलं मेण तिने बोटाने पुसून घेतलं आणि बघत राहिली.

"म्हणजे मीच धरून ठेवलं होतं त्याला," ती म्हणाली.

मी पिनेचं टोक भोकातून आरपार घातलं. बाबा पंच्याने तोंड पुसत बाहेर आले. आत्याने करंडा उघडला, मोटरच्या पुढच्या अंगाला, भोकापासून चांगलं लांब, नुसत्या कुंकवाचं बोट टेकवलं, आणि मला म्हणाली, "सुमे, तू जा आज बरोबर."

"नको," बाबा म्हणाले.

"तिला न्या," आई आतून म्हणाली. आई बाबांना सहसा आज्ञा करत नसे. बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि स्कूटर काढली.

काठावर पोचलो तेव्हा सूर्य डोंगराच्या खाचेत होता. सावळीराम झोपडीत चूल पेटवत होता. मला बघून त्याने हात जोडले. बाबांनी मोटर होडीला अडकवली, टाकी भरली, झाकण हातात घेतलं. मी पिन पुढे केली आणि सगळं सांगितलं. बाटली खिळ्याला टांगून तुम्ही टाकी सोडून बाकी सगळं तपासलंत, हेही सांगितलं. त्यांनी झाकण डोळ्याजवळ धरून भोकातून मावळतीकडे पाहिलं. बराच वेळ. इतक्या छोट्या भोकातून एवढा वेळ पाहण्यासारखं काय दिसत होतं, मला माहीत नाही.

"एवढंच?" ते म्हणाले.

मी मान डोलावली. वाटलं, आता हसतील, पिंपाच्या दिवशी हसले तसे. शिकाऊ पोरालाही समजायला हवी अशी गोष्ट, म्हणून स्वतःला शिव्या देतील. त्यांनी झाकण लावलं आणि दोरी ओढली.

पाणी नेहमीसारखं स्थिर होतं. मी पुढे बसले होते, तोंड त्यांच्याकडे. डावीकडे खाच सरकत आली, उजवीकडे शेवरीचं झाड. दोन्ही रेघा मिळाल्या. मोटरचा आवाज बदलला नाही. बाबांचा हात मुठीवर होता आणि ते ऐकत होते, कारखान्यात ऐकत असतील तसे, डोळे मिटून. आम्ही ती जागा ओलांडली आणि पुढे गेलो, जिथे आधी कधीच गेलो नव्हतो तिथे. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. पाण्यावर ती फार मोठी वाजली.

बाबांनी होडी वळवली. रेघा पुन्हा मिळाल्या तेव्हा त्यांनी स्वतः मोटर बंद केली.

त्यांनी टाकीचं झाकण फिरवून काढलं. सुस्कारा आला नाही. त्यांनी थोडं थांबून पुन्हा कान दिला. काही नाही. मग त्यांनी खिशातून पुडी काढली, कागद नीट घडी करून परत खिशात ठेवला, आणि ती पितळी कडी हातात घेऊन होडीच्या कडेवर वाकले. मी त्यांचा शर्ट मागून धरला. घट्ट धरला. त्यांना ते जाणवलं असणार, कारण ते तेवढेच वाकले जेवढं मी वाकू दिलं. त्यांनी कडी पाण्यात नेली, क्षणभर तशीच धरली आणि सोडली. ती चमकत, हेलकावे खात खाली गेली, दिसेनाशी झाली, आणि आम्ही दोघंही वाट बघत बसलो. कशाची ते मला तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

खालून आवाज आला. खट्. बारीक, स्वच्छ, धातूवर धातू बसल्याचा.

बाबांनी हात बाहेर काढला. मनगटापर्यंतच ओला होता. "चल," ते म्हणाले, "आई वाट बघत असेल." ते माझ्या आईबद्दल बोलत होते, असं मी धरून चालले.

त्या रात्री ते पोटभर जेवले आणि वरणात मीठ कमी आहे म्हणाले. आई उठून मीठ घेऊन आली आणि पाठ फिरवून जरा वेळ फडताळाशी उभी राहिली. पुढच्या रविवारी त्यांनी मोटर सावळीरामला देऊन टाकली, आणि ती त्याच्याकडे पुढे बरीच वर्षं बिनतक्रार चालली.

आवाजाचं मी आईला दुसऱ्या दिवशी सांगितलं. होडीत नांगराची साखळी होती, ती हलली असेल, असंही लगेच सांगितलं. पाण्यावर आवाज कुठून येतो ते समजत नाही. आई म्हणाली, "असेल." पुढे मी हे खूप जणांना सांगितलं, आणि सांगताना साखळीचा भाग कधी गाळला नाही. सावळीरामच्या होडीच्या नांगराला सुंभाचा दोर होता. आईने तो जलपूजनाच्या दिवशी काठावरून पाहिला होता.